नाव जुळतंय

सासूबाई शेजारच्या काकूंना माझं काम असं सांगतात: "बँकेत बसून लोकांची नावं वाचते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. आता येत नाही, कारण खरंच आहे ते. काउंटरवर अकरा वर्षं नोटा मोजल्या, मग क्लिअरिंगला चेक बघितले, आणि एका सोमवारी बदलीचं पत्र हातात ठेवून मला खिडकी नसलेल्या खोलीत नेऊन बसवलं. आम्ही सहा जण आहोत तिथे. एसी इतका असतो की मे महिन्यातही माझ्या खुर्चीवर शाल असते.

परदेशातून ज्यांचे पैसे येतात-जातात त्यांची नावं, नवं खातं उघडणाऱ्यांची नावं आम्ही काही याद्यांशी ताडून बघतो. रात्री सिस्टीम जुन्या खातेदारांवरूनही एकदा हात फिरवते. याद्यांतली सगळ्यात महत्त्वाची संयुक्त राष्ट्रांची, दहशतवादाशी जोडलेल्या माणसांची आणि संघटनांची. नाव जुळलं की पडद्यावर लाल पट्टी येते, तिला आम्ही 'हिट' म्हणतो. जवळजवळ सगळ्या हिट खोट्या निघतात. तरी प्रत्येक उघडायची, वाचायची, कारण लिहून बंद करायची. मी मेकर, म्हणजे लिहिणारी; वरचे साहेब चेकर, म्हणजे ते तपासणारे. 'नाव जुळते, माणूस तो नाही' एवढंच लिहिलं तर चालत नाही. का नाही ते लिहावं लागतं.

बातम्यांत 'दहशतवादाविरुद्ध आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हणतात तेव्हा दोन मंत्री हात मिळवत असतात आणि मागे झेंडे असतात. माझ्या टेबलावर ते सहकार्य लाल पट्टी होऊन येतं. म्हणून त्यातलं जे थोडं मला दिसतं, ते एकदा लिहून ठेवते. बँकेचं नाव लिहिणार नाही, विचारू नका.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आमच्या डोंबिवलीच्या घरात कटकची मॅच चालू होती, इंग्लंडविरुद्धची. भारत जिंकला. सासरे खुशीत चॅनल बदलायला गेले आणि सीएसटीवर कसला तरी गोळीबार झाल्याची पट्टी दिसली. "गँगवॉर असेल," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. पुढचे तीन दिवस टीव्ही बंद झाला नाही. मी तेव्हा फोर्टच्या शाखेत होते. एक तारखेला, सोमवारी कामावर गेले तर सीएसटीला उतरल्यावर सगळे खाली फरशीकडे बघत चालत होते. वर कोणीच बघत नव्हतं.

त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, हे सगळ्यांना पाठ आहे. २२९ डॉलरची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. मलाही ती या खोलीत आल्यावर कळली, ट्रेनिंगमध्ये.

ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले हल्लेखोर कराचीतल्या लोकांशी फोनवर बोलत होते, तास न् तास. ते कॉल साधे नव्हते, इंटरनेटवरून फिरवलेले होते. मोबाइलवर दिसे तो ऑस्ट्रियाचा क्रमांक. लाइन होती अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका कंपनीची, आणि तिथलं खातं 'खडक सिंग' या नावानं उघडलेलं. खातेदार म्हणे भारतातला. पैसे मात्र दोनदा भरले गेले: एकदा पाकिस्तानातून २५० डॉलर, आणि हल्ल्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, इटलीतल्या ब्रेशा शहरातल्या पैसे पाठवायच्या एका दुकानातून २२९ डॉलर. पाठवणाऱ्याचं म्हणून जे नाव नोंदवलं होतं, तो माणूस कधी इटलीत गेलेलाच नव्हता, असं तिथल्या पोलिसांना पुढे आढळलं. वर्षभरानं, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्यांनी ते दुकान चालवणाऱ्या बापलेकांना पकडलं.

आता हे माझ्या डोळ्यांनी बघा. खातेदार एका देशात, पैसे दुसऱ्या दोन देशांतून, सेवा चौथ्या देशातली, क्रमांक पाचव्या देशाचा. आज असं काही समोर आलं तर मी नक्की थांबवीन, अशी बढाई मारायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर २२९ डॉलर म्हणजे तेव्हाचे अकरा-साडेअकरा हजार रुपये. एवढ्या रकमा गल्फमधून कोकणात दिवसाला किती येतात ते मोजायला बसलं तर चहा थंड होईल. ती रक्कम मी सोडून दिली असती. तिथल्यानंही दिली.

म्हणजे आधी अडवता आलं नाही. पण नंतर हे धागे सुटे करायला सगळे देश लागले. कसाबच्या खटल्यात एफबीआयच्या माणसांनी साक्षी दिल्या. कॉलचा हिशोब काय, हल्लेखोरांकडच्या जीपीएसमध्ये समुद्रातला रस्ता कुठून कुठे दिसतो, हे त्यांनी आपल्या कोर्टात सांगितलं. मेलेल्यांत सहा अमेरिकन होते, त्यामुळे त्यांच्या कायद्यानं तो त्यांचाही गुन्हा होता. ऐकायला कसंसंच वाटतं, पण परदेशी सरकार धावून येतं ते बहुतेक वेळा त्यांचं कोणी गेलं म्हणून. नात्यातल्या माणसासारखं उठून येत नाही कोणी. उधारीची वही असते. ज्याचं नाव वहीत, तो येतो.

आणि आलेला माणूस सगळं देतो असंही नाही. डेव्हिड कोलमन हेडली हे उदाहरण आमच्या खोलीत नेहमी निघतं. मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्यानं अमेरिकेत कायदेशीर रीतीनं नाव बदललं आणि त्या नव्या गोऱ्या नावाच्या पासपोर्टवर पुन्हा पुन्हा मुंबईत आला. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं, शहराचे व्हिडिओ काढले. नाव वाचून खाणाऱ्या आम्हा लोकांच्या पोटात हे वाचताना गोळा येतो. डेव्हिड हेडली! कुठल्या यादीशी जुळणार होतं हे? पुढे साक्षीत त्यानं असंही सांगितलं की त्या ऑफिसच्या नावानं खातं उघडायला रिझर्व्ह बँकेनं परवानगी नाकारली होती. हे पेपरात वाचलं तेव्हा आमचे साहेब दिवसभर छाती काढून फिरत होते, जणू तो अर्ज त्यांनीच फेटाळला होता.

हेडलीच्या बायकोनं हल्ल्याच्या कित्येक महिने आधी इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन नवऱ्याबद्दल सांगितलं होतं. माहिती होती, पण एका सरकारच्या खणात. तो खण उघडला नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये हेडली शिकागोत सापडला, गुन्हा कबूल करून त्यानं सौदा केला: फाशी नको, आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांच्या हवाली करायचं नाही. अमेरिकेनं मान्य केलं. २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या एनआयएला २०१० मध्ये तिथे जाऊन त्याची चौकशी करू दिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात तो पडद्यावर आला, व्हिडिओ लिंकवरून. उज्ज्वल निकम प्रश्न विचारत होते. मुंबईला एवढाच हेडली मिळाला, पडद्यापुरता.

त्याचा मित्र तहव्वूर राणा मात्र मिळाला. अमेरिकेशी प्रत्यार्पणाचा करार १९९७ चा, राणाला भारताच्या मागणीवरून अडकवला जून २०२० मध्ये. मग तिथल्याच मॅजिस्ट्रेट, अपील, सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत तो १० एप्रिल २०२५ ला दिल्लीत उतरला. त्या दिवशी माहेरच्या ग्रुपवर भाऊजींनी विमानाचं चित्र टाकून खाली लिहिलं, "एवढी वर्षं काय करत होते?" मी उत्तर टाइप केलं, चांगलं मोठं, कोर्टांच्या तारखांसकट. मग पुसून टाकलं. १६ वर्षं हे कोणत्याही तारखांनी समजावता येत नाही.

सौदीनं अबू जुंदालला दिलं, जून २०१२ मध्ये. हा आपल्या बीड जिल्ह्यातला, गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी. हल्ला चालू असताना कराचीच्या त्या खोलीत बसलेला. त्याच्याकडे पाकिस्तानी पासपोर्ट होता, वेगळ्याच नावाचा. पाकिस्तानही त्याला मागत होता. तरी सौदीनं त्याला भारतात पाठवलं. २००८ च्या आधी असं घडेल यावर कोणी विश्वास ठेवला नसता, आणि या एका घटनेचं कौतुक आपल्याकडे फार कमी झालं असं मला वाटतं.

उलट बाजूला पाकिस्तान. त्यांच्याकडेही खटला चालू होता, म्हणून मार्च २०१२ मध्ये त्यांचं न्यायिक मंडळ मुंबईला आलं आणि साक्षीदारांचे जबाब घेऊन गेलं. उलटतपासणीची मुभा नव्हती. परत गेल्यावर तिथल्या कोर्टानं म्हटलं, उलटतपासणी नाही तर हा पुरावा नाही. मग २०१३ मध्ये पुन्हा आले, यावेळी उलटतपासणीसकट. एकाच कामाचे दोन हेलपाटे! सरकारी कचेरीत ज्यानं एक झेरॉक्स कमी म्हणून दोन चकरा मारल्यात, त्याला हे वेगळं सांगायला नको.

तर यादीकडे येते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १२६७, ऑक्टोबर १९९९. तो मुळात तालिबानसाठी होता, अल-कायदा त्याला नंतर जोडली गेली आणि लष्कर-ए-तैयबा २००५ मध्ये. लष्करचा संस्थापक हाफिज सईद, त्याचं नाव चढलं १० डिसेंबर २००८ ला, हल्ल्यानंतर चौदा दिवसांनी. त्याची नोंद मी इतक्यांदा उघडली आहे की तोंडपाठ आहे: जन्म ५ जून १९५०, सरगोधा. पुढे नावाची किती तरी रूपं. हाफिज मोहम्मद साहिब, हाफिज मोहम्मद सय्यद, नुसतं हाफिज मुहम्मद, सईदचे वेगवेगळे स्पेलिंग. यादीत नाव आलं की जगातल्या प्रत्येक देशानं त्या माणसाचे पैसे गोठवायचे, त्याला प्रवास करू द्यायचा नाही. आपल्याकडे यासाठी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात कलम ५१अ आलं, तेही त्याच २००८ च्या डिसेंबरात. खरी हिट सापडली तर लगेच गृह मंत्रालयाला कळवायचं.

यादीत नाव चढवायला सुरक्षा परिषदेच्या यादी सांभाळणाऱ्या समितीतल्या पंधराही देशांचा होकार लागतो. एकानं 'थांबा' म्हटलं की थांबलं. जैश-ए-मोहम्मदच्या मसूद अझरचं नाव भारतानं २००९ मध्ये पहिल्यांदा दिलं, ते चढलं १ मे २०१९ ला. मधली दहा वर्षं बराच काळ चीनचा हात वर होता. साजिद मीरचं तर आणखी विचित्र. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक ताजमध्येच झाली, आणि तिथे त्याचा आवाज वाजवून दाखवला: नरिमन हाउसमध्ये काय करायचं याचे फोनवरून हुकूम देणारा. सगळ्या देशांच्या प्रतिनिधींनी तो हॉलमध्ये बसून ऐकला. पुढच्या जूनमध्ये त्याला यादीत घालायचा भारत-अमेरिकेचा प्रस्ताव चीननं अडवला.

यात ज्याचा खरा चटका बसतो असं मी पाहिलं ते एफएटीएफ. काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा देश रोखतात की नाही हे बघणारी ही संस्था, पॅरिसला असते. तिच्याकडे ना पोलीस, ना तुरुंग. ती देशाला 'करड्या यादीत' टाकते, बस. पण करड्या यादीतल्या देशाशी व्यवहार आला की माझ्यासारख्या बायका जगभर दोन कागद जास्त मागायला लागतात, आणि त्या दोन कागदांचा खर्च देशाला कर्जाच्या बाजारात मोजावा लागतो. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ तिथे होता, ३४ मुद्द्यांची कामं पुरी करत. त्याच काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, लाहोरच्या कोर्टानं हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा सुनावली. मुंबईबद्दल नाही, पैशांबद्दल. आमच्या खोलीत त्या दिवशी कोणी टाळी वाजवली नाही, पण डब्याच्या वेळी दुपारभर तोच विषय होता.

आता सरांबद्दल.

सर म्हणजे श्रीवर्धन तालुक्यातले निवृत्त शिक्षक. गणित शिकवायचे. मुलगा कुवेतला. नाव लिहीत नाही, पण त्यांच्या नावातले दोन शब्द यादीतल्या हाफिज सईदच्या नोंदीतलेच, फक्त क्रम उलटा, आणि जन्मसाल १९५१. मुलानं आईच्या मोतीबिंदूसाठी ३८ हजार पाठवले आणि पट्टी लाल झाली. नाव जुळण्याची टक्केवारी चांगली चढलेली होती. साल एकच इकडेतिकडे, म्हणून मला ती लगेच बंद करता येईना. कुवेतच्या बँकेकडे पाठवणाऱ्याचे तपशील मागितले. त्यांच्याकडे दोन दिवसांची सुट्टी निघाली.

तिसऱ्या दिवशी शाखेनं सरांना आमच्याकडे पाठवलं. तसं पाठवायचं नसतं, पण शाखेतल्या मुलीला त्यांचं तोंड बघवेना. पांढरा लेंगा-सदरा, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एकामागोमाग कागद काढले आणि माझ्या टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले. पेन्शनचं पुस्तक. आधार. पासपोर्ट. शाळा सोडल्याचा दाखला, १९६८ चा, घडीवर फाटून मागून चिकटपट्टी लावलेला. जन्मगावापुढे निळ्या शाईतलं ते सुंदर वळणदार अक्षर.

आम्हाला खातेदाराला खरं कारण सांगायची मुभा नसते. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "सर, सिस्टीममध्ये थोडा प्रॉब्लेम आहे."

सरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. शिक्षक मुलाकडे बघतो तसं, गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणणाऱ्या.

"मॅडम, शेखाडी आमच्या बाजूचंच. त्र्याण्णवला तिथे बॉम्बस्फोटांचा तो माल उतरला. तेव्हापासून मी गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचं पेन थांबतं. मला सवय आहे. तुम्ही काय विचारायचं ते विचारा."

मी वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं. त्यांनी सांगितलं. दाखल्याची प्रत काढली, पासपोर्टची काढली. त्या मशीनवर कागद ठेवताना चिकटपट्टी सुटू नये म्हणून त्यांनी स्वतःच तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "वडिलांनी हे नाव ठेवलं तेव्हा तो माणूस वर्षाचा होता. आम्ही कुठे बघायला गेलो?"

दुपारी साडेतीनला पैसे सोडले.

त्या संध्याकाळी मी लोकलमध्ये फोनवर सहज जुनी बातमी शोधली, कारण ती मला दिवसभर टोचत होती. लाहोरचा तो माणूसही निवृत्त शिक्षक आहे. तिथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठात शिकवायचा, त्याला पेन्शन आहे. यादीमुळे खातं गोठलं, तेव्हा पाकिस्ताननं समितीला पत्र लिहिलं की कुटुंबाच्या गरजेच्या खर्चापुरते पैसे काढू द्या. नियमात तशी सोय आहे, आणि असायलाच हवी. बायकापोरांनी उपाशी राहावं असा कायदा मी मागणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोणीच हरकत घेतली नाही. महिना दीड लाख पाकिस्तानी रुपये मंजूर झाले. पंधरा देशांनी कागद वाचला आणि सोडला. आणि आमच्या सरांचे ३८ हजार त्याच नावापायी तीन दिवस अडकले, माझ्या टेबलावर, माझ्या सहीसाठी.

हे लिहिताना मला कोणाची बाजू घ्यायची नाही. यादी नको असं मी म्हणणार नाही. ब्रेशातल्या त्या दुकानदाराकडे नीट बघणारं कोणी असतं तर, हा विचार माझ्याही मनात येतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला आमच्याच डोंबिवलीची माणसं गेली तेव्हा आठवडाभर मी एकेक हिट तीनतीनदा वाचत होते. फक्त, देश एकमेकांशी सहकार्य करतात त्याचं बिल कुठे फाटतं हे मला दिसतं. यादीतला माणूस समितीला पत्र पाठवू शकतो. यादीतल्या माणसाशी नाव जुळणारा पिशवी घेऊन येतो.

सरांना आता आम्ही 'व्हाइट लिस्ट'मध्ये टाकलंय. म्हणजे त्यांचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक यांची जोडी सिस्टीमला ओळखीची झाली, पट्टी येत नाही. एवढंच की यातलं काही बदललं तर ओळख पुसली जाते आणि सगळं पहिल्यापासून. हे मी त्यांना सांगायला नको होतं, पण दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा बोलून गेले.

मागच्या महिन्यात शाखेतून फोन जोडून दिला. सर होते.

"मॅडम, पासपोर्ट संपला होता, नवा काढलाय. नंबर बदललाय. पोरगा पंधरा तारखेला पैसे टाकेल. म्हटलं, आधी सांगून ठेवावं."

मी नंबर लिहून घेतला. त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि शेवटी, वर्गात सांगावं तसं, म्हणाले, "आता वाचून दाखवा."